शिखरावरील वसंत

भंडारा जिल्ह्यांतील सिहोरा येथें मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, दुपारीं रस्ते ओस पडतात आणि लोकांचे डोळे मृगाच्या पावसाकडे लागतात. त्याच दिवसांत एव्हरेस्टच्या पायथ्याशीं गिर्यारोहकहि वाट पाहत असतात. मात्र पावसाची नव्हे, वारा पडण्याची. या दोन्ही प्रतीक्षांच्या मुळाशीं तापलेली भूमीच आहे.

८,८४८.८६ मीटर उंचीच्या त्या शिखरावर वसंत म्हणजे फुलांचा बहर नव्हे. उंचीबरोबर हवा दर किलोमीटरास सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होत जाते. म्हणून मे महिन्यांतहि तेथील तपमान उणें २५ अंशांच्या आसपास असतें. हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारें एक-तृतीयांश असतो. हिंवाळ्यापेक्षां तो किंचित् अधिक असल्यामुळें श्वासास थोडा आधार मिळतो, इतकेंच.

परंतु चढणाराचा मुख्य वैरी वारा होय. हिंवाळ्यांत पश्चिमेकडून येणारा उंचावरचा वेगवान् वायुप्रवाह या माथ्यावर आदळतो. त्याचा वेग कित्येकदां ताशीं १६० किलोमीटरांहून अधिक असतो. उन्हाळ्यांत भारताची भूमि व तिबेटचें पठार तापूं लागलें, कीं हा प्रवाह उत्तरेकडे सरकतो. पुढें जून महिन्यांत मोसमी वारे ढग व हिमवर्षाव घेऊन येतात. एक गेला आणि दुसरा अद्याप आला नाहीं, अशा मधल्या संधींत, बहुधा मेच्या उत्तरार्धांत, कांहीं दिवस शिखर शांत राहतें. हिलरी व तेनसिंग २९ मे १९५३ रोजीं माथ्यावर पोंचले आणि पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे गिर्यारोहक १९ मे २०१२ रोजीं, हा योगायोग नव्हे.

तथापि ही शांतताहि अखंड नसते. १० मे १९९६ रोजीं दुपारनंतर तेथें वादळ उठलें आणि आठ जणांस प्राण गमवावे लागले. परतीची वेळ टळून गेल्यावरहि कित्येक जण वर चढतच होते. पहिल्या सरीस भुलून धानाचे पऱ्हे टाकणारा शेतकरी फसला, तर त्याचें बियाणें जातें. येथें जीव जातो. म्हणून माथा हाताशीं आला असतांहि घड्याळ पाहून मागें फिरणारास भित्रा म्हणणें अन्यायाचें होईल. त्यानें ऋतु बरोबर ओळखलेला असतो.