मैदान भरण्याआधीचं मैदान

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये स्थायिक झालेल्या सातारकराला पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतल्या बैलगाडा मैदानाची खबर आता फोनवरच लागते. आधी येतं पोस्टर: तारीख, ठिकाण, प्रवेश फी, क्रमांकवार बक्षिसं, आयोजकांचे मोबाइल नंबर. मग नावाजलेल्या बैलांची रील्स सुरू होतात. बैलाचं नाव मोठं, मालकाचं खाली. मैदानाच्या तोंडावर गटांच्या चिठ्ठ्या निघतात, आणि कोणाची जोडी कोणासमोर हे कळलं की ग्रुपवर खरी चर्चा रंगते. शर्यतीच्या दिवशी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण.

ही जाहिरात उघडपणे करता येते, हे विसरू नये. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला, पण प्रत्यक्ष परवानगी मिळायला डिसेंबर 2021 उजाडला. मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते. धाव जास्तीत जास्त 1000 मीटर. काठी, चाबूक, विजेचा झटका पूर्ण निषिद्ध.

म्हणून माझा आग्रह आहे: पोस्टरवर बक्षिसाच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरांत परवानगीचा क्रमांक आणि पशुवैद्यकाची सोय छापा. ज्या पोस्टरवर हे नसेल, ते पुढे पाठवू नका.