हाकाऱ्यांची शिस्त आणि रानातील सुरक्षितता

ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येस सुमारे ११५ किलोमीटरवर असलेले शिवपुरीचे अरण्य संस्थानी काळात शिंदे घराण्याचे राखीव शिकारीचे रान होते. महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) हे नाणावलेले शिकारी. व्याघ्रशिकारीचे मार्गदर्शन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. अशा विषयावर राजाने ग्रंथ लिहावा यात नवल नाही. कारण मोठा हाका ही शौर्यापेक्षा व्यवस्थेचीच बाब अधिक असे.

हाक्यात शेकडो गावकरी ढोल-डबे वाजवीत, आरडाओरडा करीत रान उठवीत आणि जनावर मचाणाकडे वळवीत. मचाणावरील बंदूकधारी उंचावर सुरक्षित असे. हाकारा मात्र हाती काठी घेऊन जमिनीवर चालत असे. धोका होता तो मुख्यत्वे त्यालाच, आणि तोही दुहेरी. एक, उतावळ्या बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा. म्हणून हाकारे जवळ आल्यावर त्यांच्या दिशेने बार टाकू नये, मचाणावर चढता-उतरताना बंदूक रिकामी असावी आणि इशारा झाल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये, असे दंडक जाणते शिकारी कसोशीने पाळीत.

दुसरा धोका अधिक भयंकर, तो जखमी वाघाचा. न डिवचलेला वाघ बहुधा माणसास टाळतो. घायाळ होऊन झुडुपात दडलेला वाघ मात्र पाठलाग करणाऱ्यावर हमखास उलटतो. यास्तव जनावर जखमी झाल्याचा इशारा होताच हाकाऱ्यांनी झाडावर चढावयाचे, रक्ताचा माग तत्काळ काढावयाचा नाही, आणि पुढे माग काढताना म्हशींचा कळप पुढे घालावयाचा, अशी रीत होती. वाघाचा वास येताच म्हशी फुरफुरून त्याची जागा दाखवीत. वाघाच्या नखांत व दातांत सडलेल्या मांसाचा अंश असल्याने किरकोळ ओरखडाही चिघळून जीवघेणा ठरे. शिकाऱ्याच्या पेटीत पोटॅशियम परमँगनेट असे, ते याचसाठी. पेनिसिलीन सर्वत्र मिळू लागले ते १९४० नंतरच्या दशकात. त्या काळच्या शिकारवर्णनांत वाघाची लांबी फूट-इंचांनिशी आढळते, जखमी हाकाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार बंद झाली. शिवपुरीचे रान १९५८ पासून राष्ट्रीय उद्यान असून माधवरावांचेच नाव त्यास दिलेले आहे. तेथून नाहीसे झालेले वाघ २०२३ साली पुन्हा सोडण्यात आले आणि २०२५ साली ते व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. बंदूक गेली, पण हाकाऱ्याच्या जागी आजही गावकरीच रानात उभा आहे. चैत्रात मोहफुले वेचणारी बाई किंवा उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारा मजूर यांची स्थिती शिवपुरीकडे काय, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत काय, एकच आहे.

मोहफुले पहाटे गळतात आणि वाघ-बिबट्यांच्या वावराचीही ती वेळ असते. शिवाय वाकून वेचणारा माणूस जनावरास चतुष्पाद सावजासारखा भासतो. तेव्हा चांगले उजाडल्यावरच निघावे, एकट्याने जाऊ नये, चार-पाच जणांत एकाने उभे राहून चहूकडे नजर ठेवावी आणि अधूनमधून मोठ्याने बोलत राहावे. कोणत्या बाजूस जात आहोत व केव्हा परतणार, हे घरी सांगून जावे. पुष्कळदा नेमके हेच राहून जाते आणि मग शोध कोठे घ्यावा, हेच उमगत नाही. ताजी शिकार दिसल्यास तेथे घुटमळू नये. अचानक वाघ समोर आल्यास धावू नये, पाठ न फिरविता हळूहळू मागे सरावे.

जखम झाल्यास रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. रक्त थांबले असल्यास चावा अथवा ओरखडा साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा. हळद, चुना, तंबाखू भरू नये. जखम लहान दिसली तरी धनुर्वात व पिसाळरोग यांवरील लस घेण्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सर्पदंशात जागा कापू वा चोखू नये, अवयव हलू न देता रुग्णास उचलून न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक असून महाराष्ट्रात वनविभागास १९२६ वर कळविता येते. नुकसानभरपाईस पंचनामा लागतो. म्हणून जखमीस दवाखान्यात पोहोचविताच वनरक्षकास विनाविलंब वर्दी द्यावी.