ढालीच्या आतून गोळी सुटत नाही

कामठ्यात एका पानठेल्यामागच्या बाकावर चार पोरं बसली होती. एक जण दुसऱ्याला दटावत होता, "पयले दहा सेकंद माहे, मंग तुहे. दोघानं एकदम लावलं त वाया जाते ना बे!" हातात मोबाइल आणि मांडीवर शंभरपानी वही. पानावर उभ्या रेघा, प्रत्येक रकान्यात आकडे, काही खोडून पुन्हा लिहिलेले. ती वही नीट पाहायची म्हणून मी त्यांच्यात जाऊन बसलो, आणि नंतरही जात राहिलो.

खेळ 'फ्री फायर'चा. 2017 साली आलेला आणि साध्या, स्वस्त मोबाइलवरही चालणारा, म्हणून गावोगाव पोचलेला. 14 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्र सरकारने 54 ॲपवर बंदी घातली, त्यांत हाही होता. 'फ्री फायर मॅक्स' ही आवृत्ती मात्र राहिली आणि पोरं तिच्यावर खेळू लागली. संघ चौघांचा. प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं. त्याच्या मुख्य स्किलला इतर कॅरेक्टरांच्या तीन स्किल जोडायच्या. साधारण दोन महिन्यांनी अपडेट येतो आणि कॅरेक्टरांची ताकद बदलते. सगळेच ज्याला निवडतात त्याला कमजोर करायचं, कोणीच घेत नाही त्याला जोर द्यायचा, असा त्यामागचा हिशेब. पोरांच्या भाषेत पहिलं 'नर्फ', दुसरं 'बफ'.

वहीवाला कॉलेजात शिकतो. दिवाळीनंतरचे दिवस होते, धान चुरणं सुरू होतं. दिवसभर तिकडे राबून तो संध्याकाळी यायचा तेव्हा मनगटांपासून कोपरापर्यंत तणशीचे बारीक ओरखडे दिसायचे आणि अंगाला तणशीचाच वास असायचा. त्याच हातांनी तो अपडेटची इंग्रजी टिपणं उघडायचा. एकेक वाक्य वाचायचा, अडलेला शब्द मोबाइलवरच शोधायचा, मग आधी किती होतं, आता किती झालं, ते दोन रकान्यांत लिहायचा. इतर तिघांना खेळायची घाई झालेली असायची. तो म्हणायचा, "थांबा ना बाप्पा, पयले वाचू द्या."

दहा सेकंदांचं गणित त्याने मला 'आलोक'वरून समजावलं. हा ब्राझीलच्या डीजे आलोकवर बेतलेला. त्याच्या जुन्या रूपात, सर्वांत वरच्या पातळीला, भोवतीच्या पाच मीटरच्या वर्तुळातल्या साथीदारांना दर सेकंदाला पाच याप्रमाणे दहा सेकंद जीव मिळायचा. म्हणजे खेळाडूच्या पुऱ्या दोनशे जिवापैकी पन्नास. पण दोघांनी एकाच वेळी आलोक लावला तर पन्नासाचे शंभर होत नसत. परिणाम एकावर एक चढत नाही, हे टिपणातलं एक छोटं वाक्य. ज्यांनी ते वाचलं नाही ते चौघंही आलोक घेऊन उतरायचे आणि एकदमच लावून मोकळे व्हायचे. ज्यांनी वाचलं त्यांनी पाळ्या लावल्या. दहा सेकंद एकाचे, दहा दुसऱ्याचे. पुढे आलोकचे आकडे बदलले, पण दहा सेकंदांचा हा धडा त्याच्या तोंडून मी अनेकदा ऐकला.

वहीतलं सर्वांत खोडाखोड झालेलं पान 'क्रोनो'चं. ख्रिस्तियानो रोनाल्डोवर बेतलेलं हे कॅरेक्टर डिसेंबर 2020 मध्ये आलं. ते भोवती एक पारदर्शक ढाल उभी करायचं. बाहेरून येणारं सहाशेपर्यंतचं नुकसान ही ढाल अडवी, म्हणजे पुऱ्या तीन माणसांचा जीव. आणि आतून मात्र खुशाल गोळी झाडता यायची! उघड्या मैदानात ढाल लावून समोरच्यावर धावून जायचं, एवढाच डाव तेव्हा जिकडेतिकडे चालत होता. मग कंपनीने ढालीचा अवधी घटवला, दोन वापरांमधली थांबण्याची वेळ कितीतरी वाढवली, आणि शेवटी आतून बाहेर गोळी मारणंच बंद केलं. अनेकांनी क्रोनो सोडून दिला.

इथे मला वहीवाल्या पोराची खरी बुद्धी दिसली. त्याने विचारलं, "गोळी सुटत नाही, पण ढाल त हाय ना?" पुढे धावणाऱ्या रशरकडून त्याने क्रोनो काढला आणि मागे राहणाऱ्या सपोर्टरला दिला. साथीदार कोसळला की त्याच्यावर ढाल धरायची आणि आडोशाला त्याला उभं करायचं. कॅरेक्टर तेच राहिलं, काम बदललं. नाव पाहून निवडणाऱ्याला हे सुचणार नाही. बदललेलं वाक्य वाचणाऱ्यालाच सुचेल.

एक गोष्ट मला खटकते, आणि ती बोललीच पाहिजे. आलोक खेळातल्या दुकानात 599 डायमंडला होता, आणि डायमंड खऱ्या पैशाने येतात. धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरातून गेलेला तो पैसा पुढच्या नर्फने हलका होतो, परत मिळत नाही. या चौघांनी आपसात ठरवलंय की डायमंड घ्यायचे नाहीत. फुकट मिळेल त्यातूनच संघ बांधायचा. मला हे त्यांच्या कुठल्याही विजयापेक्षा मोठं वाटतं.

पोरांच्या या खेळाला 'टाइमपास' म्हणणारी मंडळी गावात पुष्कळ आहेत. पण अपडेट वाचून डाव नव्याने बांधायचं हेच काम वरच्या पातळीवर देशासाठी खेळणारे करतात. 2022 साली बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्स स्पर्धेत भारताने 'डोटा 2'मध्ये कांस्य पदक मिळवलं. त्या खेळात शंभराहून जास्त हिरो आहेत, सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीने हिरो निवडतात, आणि अपडेट आला की निवडीचं सारं शास्त्र नव्याने मांडावं लागतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. फरक कायद्याने केला आहे, तो आपण घरीही करायला हवा.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर मोबाइल हिसकावण्याआधी दोन प्रश्न विचारा. यात पैसे घालतोस का? आणि या वेळच्या अपडेटात काय बदललं? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं आणि दुसऱ्याचं त्याला नीट सांगता आलं, तर अभ्यास आणि झोप सांभाळून त्याला खेळू द्या.