खंबा घरात आणण्याआधी: कमी पैशात घरचा छोटा बार

मागच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून अनेकांनी लिहून मागितलं होतं. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे बघा" कमी केलेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट. महाराष्ट्रात स्पिरिट, म्हणजे व्हिस्की, रम, जिन, ब्रँडी वगैरे विकत घ्यायचं आणि प्यायचं वय २५ आहे. बिअर आणि वाईनचं २१. तुम्ही बाविशीचे असाल तर लिंबू, गूळ आणि बर्फाचा भाग वाचा, बाटलीचा भाग तीन वर्षांनी वाचा. मी २८ चा आहे, इंजिनिअर आहे, आणि सध्या चारठाण्यात घरूनच काम करतो. गाव जिंतूर तालुक्यात. जुनी देवळं आणि बारव बघायला बाहेरून लोक येतात, पण कॉकटेल बार इथं नाही. पुण्यात होतो तेव्हा शुक्रवारी बाहेर बसायचो आणि बिल वाटून घ्यायचो. इथं आल्यावर म्हणलं, घरीच एक कोपरा करू. महिन्याला हजार-बाराशेच्या वर जायचं नाही, एवढंच ठरवलं.

सगळ्यात आधी परवाना. हसू नका. आपल्याकडचा कायदा मुळात दारूबंदीचा कायदा आहे. १९४९ चा, मुंबई प्रांताच्या काळातला. नंतर बंदी ढिली झाली, पण कायद्याचा सांगाडा तोच राहिला. म्हणून आजही "पिणं" ही परवान्यानं मिळालेली सूट आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर ती सूटही नाही. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. परवान्याचे दर ऐकून तुम्हाला विश्वास बसणार नाही: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये आणि आयुष्यभराचा १००० रुपये. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं ऑनलाइन अर्ज करता येतो. घरात बाटल्या ठेवणार असाल तर हा कागद हवाच, आणि एका माणसानं किती बाळगायचं याला मर्यादा आहे, तीही बघून घ्या. मी आयुष्यभराचा काढला. मित्र म्हणाला, लायसन्सचा फोटो कसला छान आलाय, लग्नाच्या बायोडेटाला लाव.

आता पैसे. इथं थोडं गणित आहे, आणि मला वाटतं या भागातलं सगळ्यात कामाचं हेच.

जून २०२५ मध्ये सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं. ज्या देशी बनावटीच्या विदेशी मद्याचा जाहीर उत्पादन खर्च लिटरमागे २६० रुपयांपर्यंत आहे, त्यावर आधी खर्चाच्या तिप्पट शुल्क होतं, ते साडेचार पट झालं. सोबत १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ठरली: देशी ८० रुपये, 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा धान्यापासूनचा नवा प्रकार १४८, देशी बनावटीची विदेशी २०५, आणि प्रीमियम विदेशी ३६० रुपये.

याचा अर्थ काय? समजा बाटलीतला माल बनवायला १०० रुपये लागले. त्यावर ४५० रुपये शुल्क. पुढं व्हॅट, दुकानदार, वाहतूक वेगळी. म्हणजे स्वस्त बाटलीला तुम्ही साडेपाचशे दिलेत, तर आत शंभराचीच दारू आहे. कारखान्यानं दहा रुपयांनी चांगला माल घातला की तुम्हाला तो पंचावन्नला पडतो. उलट लिंबावर असलं काही नाही. दहा रुपयांचं लिंबू दहा रुपयांचंच. म्हणून माझा नियम असा: बाटली मधली घ्यायची, आणि उरलेला पैसा लिंबू, बर्फ, सोडा आणि चांगल्या ग्लासवर घालायचा. ग्लासात फरक तिथं जास्त जाणवतो. बजेट कमी असताना लोक बरोबर उलटं करतात. महागडी व्हिस्की आणतात आणि त्यात कोमट, फुसका सोडा ओततात.

कोणती बाटली? अनेकांचं मत वेगळं असेल, पण मी पहिली डार्क रम घेईन. आपण उसाच्या मुलखात राहतो, मळीपासून अल्कोहोल बनवणारे कारखाने आपल्याच पट्ट्यात आहेत. स्वस्त 'व्हिस्की'सुद्धा बऱ्याचदा मळीच्याच अल्कोहोलमध्ये थोडी माल्ट मिसळून केलेली असते. युरोपात व्हिस्की म्हणायला ती धान्याची आणि किमान तीन वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली लागते, म्हणून आपली बरीचशी 'व्हिस्की' तिथं व्हिस्की या नावानं विकता येत नाही. रम निदान उसाची म्हणूनच विकली जाते. रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो हे खरं, पण लिंबू आणि गुळाशी तिचं जमतं. ओल्ड मंक १९५४ पासून आहे, आणि आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी ती उगाच धरून ठेवली नाही.

दुसरी बाटली जिन. जिन म्हणजे साधं, चव नसलेलं अल्कोहोल, ज्यात जुनिपरची फळं आणि धणे, लिंबाची साल असले मसाले घातलेले असतात. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा रमला हात लावावासा वाटत नाही. कैरीचं पन्हं, त्यात ३० मिली जिन, वरून सोडा. याला काही नाव नाही, पण मे महिन्यात यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. कोकमाचं आगळ मिळालं तर तेही चालतं, फक्त मीठ बघून घ्या.

व्होडका सोडून द्या. तिला स्वतःची चव फार नसते, आणि जे तुम्ही तिच्यात करणार ते जिनमध्ये होतं. तिसरी बाटली घ्यायचीच असेल तर ब्रँडी किंवा तुमची आवडती व्हिस्की. पण मी दोनवर थांबलो. का ते पुढं येईल.

बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हा विचित्र आकडा कुठून आला? इंग्रजांच्या जुन्या पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. आपल्या बाटल्या ७५ प्रूफच्या, म्हणजे पंचवीसनं कमी. लेबलवर '२५ यूपी' दिसेल ते हेच. ५७.१ ला ०.७५ नं गुणा, ४२.८ येतात. इंग्रज गेले, आकडा राहिला.

आता हाच आकडा कामाला लावू. ६० मिलीच्या एका पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल २५.७ मिली. ६५० मिलीच्या आठ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरमध्ये ५२ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बिअर बरोबर दोन मोठे पेग. "मी फक्त बिअरच घेतो" म्हणणाऱ्या मित्राला हे दाखवा. मला दाखवलं तेव्हा मी दोन बिअर प्यायलो होतो, आणि स्वतःला सभ्य समजत होतो.

मोजमाप म्हणून जिगर नावाचं भांडं मिळतं. नसेल तर खोकल्याच्या औषधाची प्लास्टिकची वाटी घ्या, तिच्यावर मिलीच्या खुणा असतात. अंदाजानं ओतलेला पेग कधीच ६० चा नसतो. माझा नव्वदचा निघाला. शेकरही आणू नका. आजीचा फिरकीचा तांब्या आहे ना, प्रवासात पाणी न्यायचा? तोच. ३० मिली रम, १० मिली लिंबाचा रस, १० मिली गुळाचा पाक, चार-पाच बर्फाचे तुकडे, फिरकी घट्ट लावायची आणि पंधरा सेकंद जोरात हलवायचं. चहाच्या गाळणीनं ग्लासात गाळायचं. क्युबाच्या डायकिरीचा हाच सांगाडा आहे, फक्त साखरेच्या जागी गूळ आणि पांढऱ्या रमच्या जागी काळी. मोठा पेग हवा असेल तर तिन्ही दुप्पट. सोडा तांब्यात कधीच घालू नका. फिरकी उडते आणि भिंत रंगते. (विचारू नका.)

पाकासाठी गूळ आणि पाणी समान वजनात घेऊन विरघळवायचं, गाळायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. बर्फ आदल्या रात्री लावायचा आणि डब्यात भरून ठेवायचा, कारण आमच्याकडं संध्याकाळची लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

बाटल्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. पत्र्याच्या खोलीत नको. स्पिरिट खराब होत नाही, पण अर्धी रिकामी बाटली महिनोन् महिने राहिली तर वास फिका पडतो. वाईन मात्र उघडली की तीन-चार दिवसांत संपवावी लागते, म्हणून ती कमी बजेटच्या बारात बसत नाही.

दोन गोष्टी आणू नका. एक, गोव्याहून बॅगेत भरलेल्या बाटल्या. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं, आणि तपासणीत सापडल्या तर माल जातो आणि गुन्हा लागतो. फेणी प्यायची तर गोव्यातच बसून प्या. दुसरी, सुटी दारू, "पहिल्या धारेची आहे, एकदम शुद्ध" म्हणून कॅनमधून मिळणारी. त्यात मिथेनॉल असलं तर चवीवरून कळत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळे जातात. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये अशाच दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. हे बजेटमध्ये बसवायची गोष्ट नाही.

आता ते दोन बाटल्यांचं.

परवाना आला, बाटल्या आणल्या आणि लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवल्या. आठवड्यात आईला दिसल्या. मी तयारी करून ठेवली होती: परवाना दाखवीन, वय सांगीन, पगार माझा आहे म्हणीन. तिनं यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "पिलास तर पी बाबा, मोठा झालास. पण घरात ठेवू नको. घरात ठेवली की ती घराची होती."

माझ्या धाकट्या मामानं तसंच सुरू केलं होतं. आधी जिंतूरला जाऊन प्यायचा. मग येताना क्वार्टर आणायला लागला, कारण रोज जाणं परवडत नव्हतं. मग खंबा, कारण तो स्वस्त पडतो असं त्याला वाटायचं. किमान किमतीनं हिशोब करा: २०५ ला १८० मिली, तर ७५० मिलीचे ८५४. मिलीमागे वाचत काहीच नाही. वाचतो तो दुकानापर्यंतचा हेलपाटा. आणि मामाला थांबवणारी गोष्ट तो हेलपाटाच होती. मामा आता नाही. आईनं त्याचं नाव काढलं नाही त्या दिवशी, पण कपाटाचं दार ती बराच वेळ धरून उभी होती.

मी तिच्याशी वाद घातला नाही आणि बाटल्या टाकूनही दिल्या नाहीत. मधलं काहीतरी केलं, ते तुम्हाला पटेल न पटेल. एक, कपाटात कधीही दोनपेक्षा जास्त बाटल्या नाहीत, आणि एक संपल्याशिवाय तिची जागा भरायची नाही. दोन, खंबा बंद, ३७५ चा हाप आणायचा. दर तोच पडतो हे वर बघितलंच. तीन, भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्यायलेल्या दिवशी पेनानं पेगचे आकडे लिहायचे, सगळ्यांना दिसतील असे. पहिल्या महिन्यात अकरा दिवस भरले. मला सहा वाटले होते. दुसऱ्या महिन्यात सात. एकट्यानं बसायचं नाही हा चौथा नियम आकडे बघून आला. अकरापैकी आठ दिवस मी एकटाच होतो, लॅपटॉप बंद करून.

बावीस वर्षांचा चुलत भाऊ येतो तेव्हा त्याला पन्हं-सोडा मिळतो, त्याच ग्लासात, त्याच बर्फात. आधी चिडायचा. आता तोच तांब्या हलवतो.

कुणीतरी मेसेजमध्ये विचारलं होतं की गावात दुकानच नको असेल तर काय. त्यालाही रस्ता आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवीला मत दिलं तर दुकान बंद होतं. झालेल्या मतदानापैकी नाही, एकूण मतदारांपैकी. म्हणून जी बाई मतदानाला आलीच नाही, तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूनं पडतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्या दिवशी गाडी तू काढ, मी बायका भरते."

कॅलेंडरचं पान परवा बदललं. नव्या महिन्यात अजून एकही आकडा नाही, पण गुरुवारी पुण्याहून दोघं येणार आहेत. रमचा हाप अर्धा आहे, लिंबं आणायचीत आणि बर्फ आज रात्रीच लावून ठेवतो.