गाडीची गंगाजळी

‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य आमच्या कॉलेजात जितक्या वेळा कानी पडते, तितक्या वेळा ‘सर, शंका आहे’ हे पडत नाही! पुष्कळांची समजूत अशी, की रिझर्व्ह म्हणजे दडवून ठेवलेली दुसरी टाकी. तसे काही नाही. पाण्याच्या एकाच पिंपाला दोन तोट्या असाव्यात, एक जरा वर आणि दुसरी बुडाशी, तसा हा प्रकार. कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलीत कॉक ‘ऑन’वर असताना पेट्रोल टाकीतल्या उंच नळीतून येते. पातळी तिच्या तोंडाखाली गेली, की इंजिन आचके देते. कॉक फिरवला, की तळाचे पेट्रोल मिळू लागते. तेवढ्यात पंप गाठायचा.

खरी मेख पुढेच आहे. टाकी भरल्यावर कॉक पुन्हा ‘ऑन’वर आणायला हवा. तो तसाच राहिला, तर पुढच्या खेपेचा आचका शेवटचाच; मग ऐन घाटात गाडी ढकलणे आले!

२०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांतून कॉक गेला, दिवा आला. संसारात मात्र अजून कॉकच आहे. अडीनडीला डाळीच्या डब्यातली नोट काढणारी गृहिणी पगाराच्या दिवशी ती परत ठेवते. म्हणून तर घरची गंगाजळी टिकते!