भिंतीत लपणारी तार आणि कारागिराची पत

आजकाल नवे घर बांधताना किंवा जुन्याची दुरुस्ती करताना गिऱ्हाईक स्पीकरची मागणी हमखास करते. टीव्हीच्या बाजूला दोन, पाठीमागे दोन, शिवाय छतात एखादी जोडी. आणि तार मात्र कुठेही दिसता कामा नये! आपल्या वायरमन आणि पीओपीच्या कारागीर बंधूंसाठी हे चांगल्या मिळकतीचे काम आहे. पण भिंतीत गेलेली तार पुन्हा दिसत नाही. प्लास्टर व रंग झाल्यावर दोष निघाला तर भिंत फोडावी लागते, आणि भिंतीबरोबर कारागिराचे नावही फुटते. आम्ही कापडाचे व्यापारी. अस्तर दिसत नाही म्हणून ते हलके लावणाऱ्या शिंप्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, हे आम्ही रोज पाहतो. तारेचेही तसेच आहे.

माल पारखून घ्या

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. शुद्ध तांब्याच्या मानाने तिचा विद्युत विरोध सुमारे दीडपट असतो. पारख सोपी आहे. तारेचा एक धागा ब्लेडने खरवडावा; आतून पांढरी चमक आली तर ते तांबे नव्हे. तेवढ्याच जाडीची व लांबीची गुंडाळी हातात घ्यावी. तांब्याची बरीच जड लागते.

जाडीचा हिशेबही समजून घ्यावा. स्पीकर 10 मीटर दूर असेल तर जाणारी व येणारी मिळून तार 20 मीटर होते. 1.5 चौरस मि.मी.च्या लवचीक तांब्याच्या तारेचा विरोध इतक्या लांबीत सुमारे 0.27 ओहम भरतो. तारेचा विरोध स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत राहावा, असा कामाचा नियम आहे. 8 ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा 0.4 ओहम येते, म्हणजे 1.5 ची तार पुरते. स्पीकर 4 ओहमचा असेल तर मर्यादा 0.2 वर येते, तेथे 2.5 चौरस मि.मी.चीच तार घ्यावी. 0.75 ची तार 8 ओहमलाही इतक्या अंतरावर कमी पडते.

काम कसे करावे

पहिली गोष्ट जिवाची. स्पीकरची तार आणि घरातील 230 व्होल्टची तार एकाच पाइपात कधीही घालू नये. एखादे आवरण सोलले गेले तर वीज थेट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचते आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. दोन्ही पाइप शेजारून न्यावे लागले तर फूटभर अंतर ठेवावे. एकमेकांना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे. त्याने गुणगुण आवाजही टळतो.

तार उघडी प्लास्टरखाली गाडू नये, पाइपातूनच न्यावी. वळणे गोलसर आणि थोडी असावीत. भिंतीत जोड देऊ नये. द्यावाच लागला तर उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये द्यावा. झिरी विटांच्या भिंतीत मारावी. कॉलम व बीमला छिन्नी लावू नये, कारण आतली सळई उघडी पडली की गंज धरते. स्लॅब पडायचा असेल तर पाइप आधीच टाकून घ्यावा. पीओपीचे छत असेल तर तार पट्ट्यांवर लोंबकळत न ठेवता पाइप वर स्लॅबला पकडावा. पाइपात एक नायलॉनची दोरी मोकळी सोडावी; उद्या दुसरी तार ओढायला ती कामी येते.

दोन्ही टोकांना हातभर तार जादा ठेवून चिठ्ठी लावावी. अधिक-उणे सर्व स्पीकरना सारखे जोडावे. एक जरी उलटा जोडला तर जाड आवाज पोकळ होतो. 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला असेल तर पडदा बाहेर येतो.

प्लास्टरपूर्वी

प्रत्येक तार मीटरने तपासावी, मोबाइलवर भिंतीचे फोटो काढावेत आणि ते घरमालकाला द्यावेत. पुढे कुणी खिळा ठोकताना तार वाचेल. बिलावर तारेची जात, जाडी व मीटर स्पष्ट लिहावेत. तांब्याचे पैसे घेऊन मुलाम्याची तार गाडणारा कारागीर एका घराचे चार पैसे वाचवतो, पण त्या मोहल्ल्यातील पुढची दहा कामे घालवतो. धंद्यात भांडवलापेक्षा पत मोठी, हे आपल्या तरुण कारागिरांनी ध्यानात ठेवावे.