स्वतःच्या हातचे युकुलेले

ऑगस्ट 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज पोर्तुगालच्या मदीरा बेटावरील स्थलांतरितांना घेऊन हवाईतील होनोलुलू बंदरास लागले. त्या प्रवाशांत मानुएल नुनेस, ऑगुस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन फर्निचर-कारागीर होते. मायदेशीच्या चार तारांच्या लहान गिटारीवरून त्यांनी स्थानिक लाकडात जे वाद्य घडविले, तेच पुढे युकुलेले म्हणून जगभर गेले. थोडक्यात, या वाद्याचा जन्मच सुताराच्या बाकावर झाला आहे.

हत्यारांची सवय असलेला हात वाद्याकडे वळणे आपल्याकडेही नवे नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले आणि तेथील सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. 1904 पासून तोफगाड्यांचा कारखाना असलेल्या जबलपुरात, रिछाईसारख्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात राहणाऱ्या कुटुंबांनाही कानस आणि करवत अपरिचित नसतात. अशा घरातील हौशी व्यक्तीला अल्प खर्चात युकुलेले बनविणे अशक्य नाही. मात्र पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, याचे भान हवे.

बचतीची जागा म्हणजे वाद्याची पेटी. मजबूत लाकडी खोका किंवा सुमारे 3 मिलिमीटर जाडीचा प्लायवूड त्यासाठी पुरतो. नाद प्रामुख्याने वरच्या पातळ फळीच्या, म्हणजे तबलीच्या, कंपनातून निर्माण होतो. म्हणून ती जाड नसावी. मानेसाठी मात्र सरळ रेषांचे, पूर्ण वाळलेले कठीण लाकूड घ्यावे. फर्निचरच्या कामातून उरलेला सागवानी तुकडाही चालेल. ओलसर लाकूड वाळताना वाकते. त्यामुळे पावसाळ्यात घाईने जोडकाम करू नये. खुंट्या, पडद्यांची धातूची तार आणि नायलॉनच्या तारा या तीन वस्तूंत मात्र काटकसर नको. पोलादी तारांचा ताण या नाजूक पेटीला पेलवत नाही.

खरी कसोटी पडद्यांची आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवून सूर जुळविता येतो. युकुलेलेचे पडदे खाचेत ठोकून बसवितात. एकदा चुकलेली खाच दुरुस्त करणे अवघड असते. नियम असा की, प्रत्येक पडद्यावर तारेची उरलेली लांबी 17.817 ने भागावी आणि तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा घ्यावा. मानेच्या टोकाची आडवी पट्टी ते घोडी हे अंतर 345 मिलिमीटर धरल्यास पहिला पडदा 19.4, पाचवा 86.5, सातवा 114.7 आणि बारावा बरोबर मध्यावर, 172.5 मिलिमीटरवर येतो. सर्व खुणा टोकाच्या पट्टीपासूनच मोजाव्यात. एका पडद्यापासून दुसरा मोजत गेल्यास बारीकसारीक चुकांची बेरीज होत जाते. प्रथम कागदावर आराखडा काढून तो दोनदा तपासावा, मगच लाकडाला करवत लावावी.

नवशिक्याने घोडी डिंकाने चिकटविण्याऐवजी सरकती ठेवावी व तारा पेटीच्या मागील टोकाला बांधाव्यात. तार दाबली की किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून घोडी हिशेबापेक्षा एक-दोन मिलिमीटर मागे लागते. नेमकी जागा कान सांगतो. मोकळ्या तारेचा सूर आणि बाराव्या पडद्यावरचा सूर यांत अचूक एका सप्तकाचे अंतर हवे. दाबलेला सूर चढा वाटल्यास घोडी मागे, उतरा वाटल्यास पुढे सरकवावी.

तारा मिळविणेही भारतीय कानाला सोपे जाते. सर्वात खर्जाच्या तारेला षड्ज मानले, तर चार तारा क्रमाने प, सा, ग, ध अशा लागतात. त्यातली पहिली, पंचमाची तार षड्जाच्या वरची असते. वाद्याचा खेळकर नाद याच उलट्या रचनेतून येतो. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस सैल पडत राहतात, त्याने निराश होऊ नये.

असे वाद्य कारखान्यातल्या वाद्याइतके देखणे कदाचित होणार नाही. परंतु मोजमाप काटेकोर असेल, तर ते सुरात वाजेल. आणि स्वतः घडविलेल्या वस्तूतला बिघाड स्वतःला दुरुस्त करता येतो, हा लाभ दुकानातल्या खरेदीत मिळत नाही.